105 टोप्या की 105 सामने?

प्रश्न असा आला आहे: 'बिली राइट या फुटबॉलपटूवरच्या इंग्रजी मजकुराचा अनुवाद करताना मी "त्याने इंग्लंडसाठी 105 टोप्या जिंकल्या" असं लिहिलं. घरचे हसले. मग कॅपला मराठीत काय म्हणायचं?'

हसणारच! आपल्याकडे टोपी घालतात ती दुसऱ्याला, आणि फिरवतात ती स्वतःची. 105 टोप्या म्हटल्यावर गडी एवढ्या जणांचे पैसे बुडवून पळाला की काय, असं वाटायचं.

पण टोपी खोटी नाही. इंग्लंडकडून खेळणाऱ्याला पांढरी रेशमी टोपी द्यावी, तिच्यावर पुढे लाल गुलाब भरतकामात असावा, असं तिथल्या फुटबॉल असोसिएशनमध्ये 1886 साली ठरलं. पुढे टोपी मागे पडली आणि तिच्या नावाने सामनेच मोजले जाऊ लागले. तेही मागच्या तारखेपासून. पहिला आंतरराष्ट्रीय सामना 30 नोव्हेंबर 1872 चा, ग्लासगोतला, 0-0. इंग्लंडचे खेळाडू त्या दिवशी गडद निळ्या टोप्या घालूनच मैदानात उतरले होते. पण त्यांच्या नावावर आज जी 'एक कॅप' लागते, तिचा डोक्यावरच्या त्या टोपीशी काहीही संबंध नाही. ती देण्याचं ठरायलाच अजून 14 वर्षं होती.

म्हणून आकडा असेल तिथे सरळ 'सामने' लिहा. 'बिली राइट इंग्लंडकडून 105 सामने खेळला.' 1959 च्या एप्रिलमध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध त्याने सामन्यांची शंभरी गाठली. तोवर जगात कुणीच ती गाठली नव्हती. 'शंभरी गाठणे' हाताशी असताना 'शंभर कॅप्स जिंकल्या' कशाला?

'कडून' या शब्दाचा आणखी एक फायदा. आपण इंग्लंड, ब्रिटन, विलायत सगळं एकाच पोत्यात भरतो. फुटबॉलमध्ये मात्र तिथले संघ चार. डेमेरारात (आजच्या गयानात) जन्मलेला अँड्र्यू वॉटसन 12 मार्च 1881 ला लंडनच्या ओव्हलवर कर्णधार म्हणून उतरला आणि त्याच्या संघाने इंग्लंडला 6-1 असं धुतलं. हा कृष्णवर्णीय खेळाडू एकूण तीन सामने खेळला. कुणाकडून? स्कॉटलंडकडून. 'ब्रिटनच्या तीन कॅप्स' लिहिलंत की सगळी गंमतच गेली.

पदार्पणाच्या संदर्भात मात्र 'कॅप' खुशाल ठेवा. क्रिकेटमुळे 'कसोटी कॅप' आणि 'अनकॅप्ड' कानाला सरावले आहेत. शिवाय तिथे खरोखर काहीतरी हातात पडल्याचा भाव असतो. 29 नोव्हेंबर 1978 ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचा व्हिव्ह अँडरसन चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळला. इंग्लंडच्या मुख्य संघातला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तिथे 'अँडरसनला इंग्लंडची कॅप मिळाली' हेच मला बरं वाटतं. फक्त 'मिळाली' लिहा. 'जिंकली' नको. जिंकायचा तो सामना.