येरवड्यातल्या कैद्याशी वर्षभर पत्रं चालू आहेत, आता तो लग्नाचं म्हणतोय. काय करू?

तुम्ही लिहिलंय की आई गेल्यापासून घरात एकट्याच आहात, तो जन्मठेपेचा कैदी आहे आणि 'फर्लोवर (शिक्षेच्या काळात मिळणाऱ्या रजेवर) सुटलो की तुझ्याकडेच येईन' म्हणतोय. पत्रं थांबवा असं मी म्हणणार नाही. पण लग्नाचं उत्तर देण्याआधी त्याच्या खटल्याचं निकालपत्र वाचा.

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोधा. खटल्याची ओळख असलेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक त्याच्याकडूनच मागितलात तर काम सोपं होतं. द्यायला टाळाटाळ केली, तर तेही कळलंच. निकाल तिथे नसेल तर वकिलामार्फत नकलेचा अर्ज करा. अपील उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर वेगळं शोधावं लागतं. जुन्या खटल्यात कलमं भारतीय दंड संहितेची (भादंवि) असतील: ३०२ म्हणजे खून, ४९८-अ म्हणजे नवऱ्याकडून किंवा सासरकडून छळ. खुनाचा खटला असेल तर मेलेली व्यक्ती त्याची बायको होती का, हे पहिल्या दोन-तीन पानांत समजतं. पत्रात मात्र बहुतेक वेळा 'मला अडकवलं' एवढंच येतं.

'चौदा वर्षांनी सुटतो' हा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं ही सुटकेचा विचार होण्याआधीची किमान मुदत आहे, सुटकेची तारीख नव्हे.

आता फर्लो, म्हणजे संचित रजा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार ती मिळायला कैद्याला ठेवून घेणारा आणि जामीन राहणारा नातेवाईक लागतो. दिलेल्या पत्त्यावर पोलीस चौकशीला येतात. ज्याच्या घरच्यांनी पाठ फिरवली त्याची रजा इथेच अडते, आणि लग्नाचा विषय कधी कधी इथूनच निघतो. त्याचं प्रेम खोटंच असेल असं नाही, पण त्याला पत्त्याचीही गरज आहे. तो रजेवरून वेळेत परतला नाही तर पोलीस जामीनदाराच्या दारात येतात.

पैशांचं थोडक्यात. वकिलासाठी मागितले तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सांगा (हेल्पलाइन १५१००). कॅन्टीनचे पैसे फक्त कारागृहाच्या अधिकृत मार्गाने, 'मित्राच्या' यूपीआयवर कधीच नाही. रात्री साडेअकराला त्याचा व्हॉट्सॲप आला, तर आत चोरून मोबाइल गेलाय. त्या क्रमांकाला उत्तर देऊ नका.

पत्रं कारागृहात उघडून वाचली जातात, बराकीतही हातोहात फिरू शकतात. म्हणून फोटो नको, घराचा पत्ता नको. पोस्टात वार्षिक भाड्याने पोस्ट बॉक्स मिळतो, तो घ्या.

एकटेपणाचं म्हणाल तर त्याच्याकडे वेळच वेळ आहे. तुमच्या डोकेदुखीचीही तो दोन पानं चौकशी करतो, इतकं लक्ष बाहेरचा माणूस देत नाही. पण ओला टॉवेल कॉटवर टाकणारा, चिडणारा, घुम्यासारखा बसणारा माणूस कागदावर येत नाही. म्हणून आधी एक लहानसा नकार देऊन पाहा: 'मी पंधरा दिवसांतून एकदाच लिहीन.' रुसवा चालेल. धमकी, शपथा किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर पत्र जपून ठेवा आणि कारागृह अधीक्षकांना लेखी कळवा. तुम्हाला रात्री फार जड जात असेल तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे.

सध्या एवढंच लिहा: 'निकालपत्र वाचल्याशिवाय लग्नाचं बोलणार नाही, आणि रजेसाठी माझा पत्ता देऊ नये.'