जुने कागद, तुमचे प्रश्न: दर्यावर्दी घराण्याची पत्रं

(यावेळचे प्रश्न सगळे ग्वाल्हेरचे. तिथल्या एका वाचनकट्ट्यावर इंग्लंडच्या ऑस्टिन घराण्यावर बोलणं झालं, त्यावरून हे सगळं सुरू झालंय.)

प्रश्न: ताई, कादंबऱ्या लिहिणारी जेन ऑस्टिन सगळ्यांना माहीत असते, पण तिचे दोन भाऊ नौदलात होते आणि त्यांच्या डायऱ्या, पत्रं अजून आहेत हे मला कट्ट्यावरच कळलं. थोडं वाचून पाहिलं. वारा कुठून, जहाज कुठं, पाणी भरलं का, एवढंच दिसलं. यात एवढं वाचण्यासारखं काय आहे? (एक वाचक, जयेंद्रगंज)

उत्तर: वारा-पाणी भरपूर आहे हे खरंच, त्यावर मी वाद घालणार नाही. जहाजावर रोज लॉगबुक, म्हणजे प्रवासाच्या नोंदींची वही, भरायला लागायचं, ती सवय घरच्या पत्रातही उतरायची. पण मोठ्या भावाचं, फ्रान्सिसचं म्हणजे घरातल्या फ्रँकचं, 1805 चं एक पत्र घ्या. लग्न ठरलं होतं त्या मेरी गिब्सनला लिहिलेलं. पत्र एकच पण रोज थोडं थोडं वाढत गेलेलं, कारण इंग्लंडकडे जाणारं जहाज भेटेल तेव्हाच ते निघणार, तोवर लिहीत राहायचं. इंग्लंडच्या आरमाराचा प्रमुख नेल्सन, त्याने फ्रँकच्या 'कॅनोपस' जहाजाला पाणी आणि सामान भरायला जिब्राल्टरकडे पाठवलं होतं आणि तिथून व्यापारी जहाजांना सोबत करायचं काम गळ्यात पडलं. 21 ऑक्टोबरला तो लिहितो की शत्रूचं, म्हणजे फ्रान्स-स्पेनचं, आरमार 19 तारखेला स्पेनच्या काडिझ बंदरातून बाहेर पडल्याची खबर आजच मिळाली आणि आम्ही नेमके इकडे, आता लढाई हुकणार बहुतेक.

आता तारीख बघा. ट्राफल्गारची लढाई त्याच दिवशी चालू होती! याला पत्ताच नाही. मग 27 तारखेचा मजकूर येतो, भीती होती तेच झालं, लढाई होऊन गेली, आपण जिंकलो, आणि मी तिथे नव्हतो. शाळेच्या पुस्तकात 21 ऑक्टोबर म्हणजे विजयाचा दिवस, या पत्रात तो नुसता धास्तीचा दिवस आहे. म्हणून अशी पत्रं वाचताना मी स्वतःला एकच विचारते, हे लिहिलं त्या दिवशी याला काय माहीत होतं? पुढचं आपल्याला ठाऊक असतं ते जरा बाजूला ठेवायचं, मग ते वारा-पाणी पण वाचावंसं वाटतं, कारण वारा उलटा असला की हा माणूस पोचणारच नाही.

धाकटा भाऊ चार्ल्स, त्याचं जास्त घरगुती आहे. तो इंग्लंडच्याच किनाऱ्यावर, शीअरनेसजवळ उभ्या असलेल्या 'नामूर' जहाजाचा कप्तान होता आणि बायको फॅनी आणि छोट्या मुली त्याच्याबरोबर जहाजावरच राहायच्या. थोरल्या कॅसीला सारखी बोट लागायची, म्हणून तिला हिवाळ्यात आत्यांकडे ठेवावं का अशी चर्चा जेनच्या 1813 च्या पत्रांत आहे, म्हणजे आपल्याकडे पोरीला आजोळी ठेवायचं की नाही यावर फोन चालतात तसंच. 6 सप्टेंबर 1814 ला फॅनी त्या जहाजावरच बाळंतपणानंतर गेली, फक्त 24 वर्षांची, आणि बाळही थोड्याच दिवसांत गेलं. चार्ल्सच्या डायऱ्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत, त्यात ती गेल्यानंतरही पुन्हा पुन्हा येते, स्वप्नातसुद्धा. पुढे तो रिअर अॅडमिरल झाला आणि 1852 मध्ये ब्रह्मदेशाच्या लढाईत इरावतीवर कॉलऱ्याने वारला, 73 व्या वर्षी, कामावर असतानाच.

प्रश्न: त्या काळच्या एका पत्राचा फोटो पाहिला, आधी आडवं लिहिलेलं आणि त्याच्यावरच परत उभं. कागद एवढा महाग होता का? (दौलतगंज)

उत्तर: कागदही स्वस्त नव्हता, पण खरी महागाई टपालाची. 1840 च्या आधी इंग्लंडात टपालाचा दर अंतरावर आणि कागद किती यावर ठरायचा, आणि पैसे बहुतेक वेळा पत्र घेणारा द्यायचा! पाकीट घातलं तर तोही एक कागद धरणार, म्हणून पत्राचीच घडी घालायची, लाखेने बंद करायचं आणि पत्ता बाहेर लिहायचा. दुसरा कागद नको म्हणून मग आडव्यावर उभं. साध्या खलाशांना 1795 पासून एका पेनीत पत्र पाठवायची सवलत होती, त्यावर कप्तानाची सही लागायची, पण अधिकाऱ्यांना ती नव्हती. 10 जानेवारी 1840 ला देशभर एक पेनी असा एकच दर आला आणि हळूहळू हे उभं-आडवं कमी झालं.

समुद्रापारची गोष्ट वेगळीच. जहाज बुडालं की पत्र गेलं, म्हणून लोक पत्रांना नंबर घालायचे, महत्त्वाचं असलं तर तेच पत्र दोन जहाजांनी पाठवायचे. आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून मुंबईहून इंग्लंडला महिनेच्या महिने लागत. 1830 मध्ये मुंबईतच बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट साधारण महिन्याभरात सुएझला पोचली, तेव्हा कुठे हा हिशेब बदलायला लागला.

प्रश्न: जेनची पत्रं घरच्यांनीच जाळली म्हणे?

उत्तर: हो. बहीण कॅसँड्राने बरीचशी जाळली, आज सुमारे 160 उरलीत. फ्रँकने मात्र त्याला आलेली पत्रं आयुष्यभर जपली, आणि तो 1865 मध्ये 91 वर्षांचा होऊन गेला तेव्हा त्याच्या मुलीने कोणाला न विचारता ती नष्ट केली. मला कॅसँड्राचं एक वेळ समजतं, तिला आलेली पत्रं होती, तिचा हक्क. या मुलीचं नाही समजत.

प्रश्न: आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या पेटीत मोडी कागद आहेत. घरात सांगतात की पूर्वज आंग्र्यांच्या पदरी होते. ते आरमारवाले, मग ग्वाल्हेरला कसे? आणि कागद कुठल्या सालचे ते कसं कळणार? (एक वाचक, लष्कर)

उत्तर: आंग्र्यांचं ग्वाल्हेरशी नातं खरं आहे. बाबूराव आंग्रे ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या फौजेत होते आणि 1799 मध्ये त्यांनी आंग्र्यांचं अलिबागकडचं कुलाबा (मुंबईतलं नव्हे) आपल्या ताब्यात घेतलं. कुलाबा संस्थान कंपनीने 1840 मध्ये खालसा केलं, पण ग्वाल्हेरचं आंग्रे घराणं सरदारकीत टिकलं. तुमचे पूर्वज त्यांच्या पदरी होते की नाही ते कागद बोलतील, सांगोवांगीवर जाऊ नका.

आधी तारीख शोधा. जुन्या मोडी पत्रात सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत तेव्हा चालणारं वर्ष, अरबी शब्दांत लिहिलेला असतो, आधी एकं, मग दहं, मग शेकडा. 'समान अशर मयातैन व अलफ' म्हणजे 8, 10, 200 आणि 1000, एकूण 1218. त्यात मृगापासून म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600, म्हणजे हा कागद 1817-18 चा. 'छ' आणि पुढे आकडा दिसला तर ती मुसलमानी महिन्याची तारीख. कुशल विचारणाऱ्या ठरलेल्या ओळी झाल्या की 'विशेष' नंतर खरा मजकूर सुरू होतो, मोडी वाचणारा मिळाला की त्याला तिथूनच वाचायला लावा. पाकिटं असतील तर फेकू नका, ब्रिटिश इंडियाच्या तिकिटावर ग्वाल्हेरचं नाव छापलेलं असलं तर ते 1885 किंवा त्यानंतरचं.

आणि प्लीज, लॅमिनेशन नको आणि ओल्या फडक्याने पुसणं तर अजिबात नको. काजळ आणि डिंकाची शाई शंभर वर्षांत फिकी पडत नाही पण पाण्याने पाच मिनिटांत पसरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, सुती कपड्यात ठेवा आणि फोटो दोन्ही बाजूंचे काढून पाठवा, मागे नुसता हिशेब असला तरी.