वाढीचे इंजेक्शन वेगळे, पान्ह्याचे वेगळे

प्रश्न : आमच्याकडे सहा संकरित गाई आहेत. गावातील काही जण धारेच्या आधी गाईला इंजेक्शन टोचतात आणि हेच अमेरिकेतले ‘ग्रोथ हार्मोन’ असून त्याने दूध वाढते, असे सांगतात. हे खरे आहे का? असे दूध मुलांना चालते का?
— एक दूध उत्पादक, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : धारेच्या आधी टोचतात ते ऑक्सिटोसिन असते, वाढीच्या संप्रेरकाशी त्याचा काही संबंध नाही. ऑक्सिटोसिनमुळे कासेत आधीच तयार झालेले दूध सडात उतरते, म्हणजे गाय पान्हा सोडते. त्याने दूध नव्याने तयार होत नाही.

वाढीचे संप्रेरक म्हणजे सोमॅटोट्रोपिन. गाईच्या मेंदूतळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ते मुळातच स्रवते आणि खाल्लेल्या अन्नातील पोषकद्रव्ये अंगावर चरबी म्हणून साठू न देता कासेकडे वळवते. जीवाणूंकडून तयार करून घेतलेल्या या संप्रेरकाला अमेरिकेत 1993 मध्ये परवानगी मिळाली आणि तिथे ते वेतानंतर साधारण दोन महिन्यांनी सुरू करून दर 14 दिवसांनी टोचले जाते. दूध सुमारे 10 ते 15 टक्के वाढते, पण ते पोटभर व समतोल आहार मिळणाऱ्या गाईचे. कारण वाढलेल्या प्रत्येक लिटरसाठी लागणारा चारा, पेंड आणि पाणी गाईला द्यावेच लागते. मार्च-एप्रिलमध्ये हिरवा चारा संपून कडब्यावर आलेल्या सिन्नरच्या गोठ्यात हे संप्रेरक काय वळवणार? गाय तेवढी खंगेल.

कॅनडाने 1999 मध्ये त्याला परवानगी नाकारली आणि युरोपीय संघानेही बंदी घातली, ती प्रामुख्याने गाईच्या आरोग्यासाठी. तेथील तज्ज्ञांना अशा गाईंमध्ये कासदाह (कासेची सूज, म्हणजेच ‘दगडी’), लंगडेपणा आणि गाभण राहण्यातील अडचणी वाढलेल्या आढळल्या. दगडी झालेली एक कास किती दिवसांचे उत्पन्न बुडवते, हे आपल्याला सांगायला नको, आणि प्रतिजैविकांचे उपचार चालू असताना ते दूध विकताही येत नाही.

मुलांविषयीची आपली काळजी रास्त आहे. ही दोन्ही संप्रेरके प्रथिनवर्गीय असल्याने पोटात पचतात, शिवाय गाईचे वाढीचे संप्रेरक माणसाच्या शरीरात काम करत नाही. 1950 च्या दशकात खुंटलेल्या मुलांना ते टोचून पाहिले, तेव्हा त्यांची उंची वाढली नव्हती. माझा आक्षेप गाईसाठी आहे. तिच्या प्रकृतीला अपाय करणारे इंजेक्शन दूध वाढवण्यासाठी देणे, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 12 खाली गुन्हा आहे.

आपल्या गोठ्यातील एखादी गाय पान्ह्याच्या इंजेक्शनला सवकली असेल, तर काही दिवस दूध कमी मिळेल, हे धरूनच ते बंद करावे. धारेची वेळ आणि धार काढणारा माणूस बदलू नये. वासरू समोर आणावे, आंबोण पुढ्यात ठेवावी, कोमट पाण्याने कास धुऊन हलक्या हाताने चोळावी आणि मिनिटभरात पान्हा आला की सात-आठ मिनिटांत धार पूर्ण करावी. ओरडणे, मारणे किंवा गोठ्यात कुत्रा शिरणे एवढ्यानेही गाय घाबरून पान्हा चोरते. मात्र कास गरम किंवा कडक लागली, तर वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे.