शाल-श्रीफळापलीकडे

प्रश्न : येरवड्याच्या वस्त्यांत घरबांधणीचं काम केलेल्या आमच्या सहकारी ताई निवृत्त होताहेत. शाल-श्रीफळाखेरीज काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : समारंभ हॉलमध्ये नको, वस्तीतच करा. 2005 साली सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून तिथं कित्येकांना जुन्या जागीच 270 चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. खर्चातला 10 टक्के वाटा त्यांचा. नकाशा काढणं सोपं. दोन शेजाऱ्यांना भिंत हातभर सरकवायला राजी करणं महाकठीण, आणि ते ताईंसारख्यांनीच ओट्यावर बसून केलं. मीही मोजणीची टेप धरलीय, म्हणून सांगते. भाषणं दोनच ठेवा. एखाद्या आजीला बोलू द्या : पावसात पातेली कुठं मांडायची, आता कुठं झोपते. शाल तिच्याच हातून द्या. ताईंच्या मोजणीच्या वह्या मात्र रद्दीत घालू नका.