प्रश्न तुमचे: अ‍ॅस्ट्रोसॅट पाहतो काय, अडतो कुठे आणि त्याचा डेटा वापरायचा कसा

२८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने श्रीहरिकोट्याहून सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट ही अनेक तरंगलांब्यांत एकाच वेळी वेध घेणारी भारताची पहिली अवकाश वेधशाळा. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न तिच्याविषयीचे आहेत. एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

हबल आणि जेम्स वेबचे रंगीत फोटो सतत दिसतात. अ‍ॅस्ट्रोसॅटचे का दिसत नाहीत? तो फोटो काढतच नाही का?
*— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर*

काढतो, पण सरळ अर्थाने फोटो काढणारी उपकरणं त्याच्यावर दोनच आहेत. एक यूव्हीआयटी, म्हणजे अतिनील किरणांसाठीची ३८ सेंटीमीटरच्या दोन दुर्बिणींची जोडी. तिला एका वेळी २८ कलांचं (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकाश दिसतं, जवळजवळ पूर्णचंद्राएवढं. दुसरं एसएक्सटी, मृदू क्ष-किरणांची दुर्बीण. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परत फिरत नाहीत, आत शिरतात किंवा शोषले जातात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे एकात एक बसवून त्यांना अगदी तिरकस कोनात वळवावं लागतं. अशा आरशांची प्रतिमा फिकट पसरते; बिंदूएवढा ताराही दोन-एक कलांचा ठिपका होऊन येतो.

लॅक्सपीसी हे तिसरं उपकरण प्रतिमा घेतच नाही. झेनॉन वायू भरलेल्या त्याच्या पेट्या सुमारे एक अंशाच्या चौकटीतून आलेल्या प्रत्येक क्ष-किरणाची वेळ आणि ऊर्जा नोंदवतात, वेळ तर १० मायक्रोसेकंदांपर्यंत. कृष्णविवराभोवतीची तबकडी इतकी लहान दिसते की असल्या कुठल्याही दुर्बिणीला तिचं चित्र मिळणार नाही. तिचं लुकलुकणं मात्र मोजता येतं, आणि आतल्या कडेला वायू किती वेगाने फिरतो आहे हे त्या लुकलुकण्यातूनच काढतात.

सीझेडटीआयची रीत आणखी वेगळी. वर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा, भोकं पाडलेला टँटलमचा पत्रा आणि खाली १६,३८४ पिक्सेल. पत्र्याची सावली कशी पडली त्यावरून स्रोताची दिशा गणिताने काढायची. साधारण १०० केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) वर मात्र हा पत्रा आणि उपकरणाच्या भिंती किरणांना अडवत नाहीत. चित्र घेण्याच्या दृष्टीने ही उणीव, पण तिच्यामुळेच भलत्या दिशेने आलेले गॅमा किरणांचे स्फोटही नोंदले जातात. आतापर्यंत असे सहाशेहून जास्त स्फोट टिपले गेले आहेत. पाचवं उपकरण एसएसएम आकाश चाळत राहतं आणि एखादा क्ष-किरण स्रोत अचानक उजळला तर कळवतं. थोडक्यात, अ‍ॅस्ट्रोसॅटचं उत्तम काम आलेखांत आहे. वर्तमानपत्रांना आलेख छापायला आवडत नाहीत, त्याला इलाज नाही.

३८ सेंटीमीटरच्या दुर्बिणीने हबललाही न दिसलेलं पाहिलं, अशी बातमी २०२० मध्ये होती. ते कसं शक्य आहे?
*— हौशी आकाशनिरीक्षक, ठाणे*

बातमी एयूडीएफएस०१ या दीर्घिकेची. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जाहीर केली. तिचा तांबडा विस्थापनांक १.४२ आहे, म्हणजे तिथून निघालेल्या प्रत्येक किरणाची तरंगलांबी आपल्यापर्यंत येताना २.४२ पट ताणली जाते. दीर्घिकेत ६० नॅनोमीटरला निघालेला किरण आपल्याकडे साधारण १४५ नॅनोमीटरला पोहोचतो आणि यूव्हीआयटीच्या दूर-अतिनील पट्ट्यात (१३० ते १८० नॅनोमीटर) येतो. हायड्रोजनचं आयनीभवन करणारे, ९१.२ नॅनोमीटरच्या खालचे किरण दीर्घिकेतला वायू बहुधा गिळून टाकतो. ते बाहेर निसटताना सापडले, म्हणून शोध महत्त्वाचा.

आता आरशाच्या आकाराविषयी. २.४ मीटरचा आरसा ३८ सेंटीमीटरच्या आरशापेक्षा सुमारे चाळीस पट प्रकाश गोळा करतो, हे खरंच. पण इतक्या मंद वस्तूसाठी किती प्रकाश आला यापेक्षा त्यात खोटा प्रकाश किती मिसळला हे जास्त महत्त्वाचं ठरतं. सीसीडी (डिजिटल कॅमेऱ्यात असते तशी प्रकाशसंवेदी चिप) वाचताना दर वेळी इलेक्ट्रॉनिक गोंगाट मिसळतो. यूव्हीआयटी एकेक फोटॉन मोजतो: फोटॉन आला की इलेक्ट्रॉनांचा झोत तयार होतो, पडद्यावर ठिपका उमटतो आणि सेकंदाला सुमारे २९ चौकटी घेणारा कॅमेरा त्याची जागा टिपतो. ठिपका नसेल तर नोंद शून्य. म्हणून पार्श्वभूमी फार काळी राहते. ऑक्टोबर २०१६ मध्ये या भागाचा वेध सुमारे २८ तासांत पसरून घेतला होता.

याच पद्धतीचा तोटा तेजस्वी ताऱ्यांच्या वेळी दिसतो. एका चौकटीत एकाच जागी दोन फोटॉन आले तर मोजला जातो एकच. त्यामुळे तारा आहे त्यापेक्षा मंद भरतो आणि दुरुस्ती करावी लागते. तारा फारच तेजस्वी असेल तर संवेदकच खराब होऊ शकतो, म्हणून त्या दिशेला दुर्बीण वळवायची परवानगीच मिळत नाही. उपग्रहाचं तोंडही पूर्ण स्थिर नसतं, सावकाश डुलतं. दृश्य प्रकाशाचा कॅमेरा ताऱ्यांच्या जागा बघून ते डुलणं मोजतो आणि नंतर अतिनील फोटॉन त्या हिशेबाने परत जागेवर बसवले जातात.

कक्षा विषुववृत्ताला इतकी चिकटून, फक्त ६ अंशांच्या कलाची का? आणि दुर्बीण चोवीस तास चालते का?
*— भौतिकशास्त्राचे शिक्षक, लातूर*

दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीभोवतीचा भारित कणांचा पट्टा खाली उतरतो. ६५० किलोमीटरवरून त्यातून जाताना संवेदकांवर प्रोटॉनांचा मारा होतो आणि हजारो व्होल्टवर चालणारे वायुसंवेदक जळू शकतात. कल कमी ठेवला की उपग्रह या भागाची फक्त उत्तरेची कड चाटून जातो. तेवढ्यापुरतंही उच्च विद्युतदाब उतरवावा लागतो. कणांची गर्दी मोजणारा सीपीएम त्याची सूचना देतो.

चोवीस तास वेध मिळत नाही. एक फेरी सुमारे ९८ मिनिटांची. तीत स्रोत काही वेळ पृथ्वीआड जातो आणि यूव्हीआयटी तर फक्त रात्रीच्या बाजूला चालतो. सूर्यापासून अंतर ठेवावं लागतं, शिवाय उपग्रह ज्या दिशेने धावतो त्या दिशेपासून दुर्बिणींचं तोंड किमान १२ अंश दूर लागतं. त्या उंचीवर सुट्या अणूंचा विरळ ऑक्सिजन असतो आणि वेगाने समोरून आदळला तर आरशांचा थर खराब करतो. वेधाची वेळ मागताना म्हणून घड्याळातला वेळ हाती येणाऱ्या वेळेच्या साधारण दुप्पट धरतात.

त्यातली काही उपकरणं बंद पडली म्हणे. मग उपग्रह निकामी नाही का झाला?
*— निवृत्त अभियंता, नाशिक*

नाही. लॅक्सपीसीच्या तीन पेट्यांपैकी एकीतून वायू गळत होता. वायू विरळ झाला की दोन गोष्टी होतात: जास्त ऊर्जेचे किरण न थांबता पार जातात आणि तेवढ्याच विद्युतदाबाला संकेत मोठा होऊ लागतो, म्हणजे ऊर्जेचं मापच सरकतं. विद्युतदाब कमी करत काही काळ ती चालवली, मग २०१८ मध्ये बंद केली. दुसऱ्या पेटीचं मापही त्याच वर्षापासून भरवशाचं नाही. त्यामुळे नव्या वेधांचं काम मुख्यतः लॅक्सपीसी-२० या एकीवर चालतं. यूव्हीआयटीचा निकट-अतिनील भागही मार्च २०१८ मध्ये थांबला. दूर-अतिनील चालू राहिला. नियोजित आयुष्य पाच वर्षांचं होतं हे लक्षात घेतलं, तर हा हिशेब आम्हाला तोट्याचा वाटत नाही. मात्र जुना डेटा वापरताना वेधाची तारीख आधी बघा. २०१७ चा आणि २०१९ चा लॅक्सपीसी डेटा एकाच पद्धतीने वापरता येत नाही.

एक्सपोसॅट म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅट-२ का?
*— वाचक, पणजी*

नाही. १ जानेवारी २०२४ ला सुटलेला एक्सपोसॅट मुख्यतः क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजतो, चित्रं काढत नाही. त्याच्या पोलिक्स या उपकरणात मध्यभागी बेरिलियम आहे. त्यावरून विखुरलेले किरण चार बाजूंच्या वायुसंवेदकांत कुठे जास्त पडतात ते बघायचं, आणि उपकरणाचा स्वतःचा पक्षपात कटावा म्हणून अख्खा उपग्रह संथपणे स्वतःभोवती फिरवायचा.

घरच्या लॅपटॉपवर अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा वापरून प्रकल्प करता येईल का? सुरुवात कुठून करू?
*— एम.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड*

येईल, पैसे न भरता. प्रस्ताव मांडून मिळवलेला वेध साधारण वर्षभर त्या गटाकडे राखीव असतो, नंतर सर्वांना खुला होतो. इस्रोच्या आयएसएसडीसी केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करा आणि स्रोताचं नाव टाकून शोधा. वेधाच्या क्रमांकातलं पहिलं अक्षर इंग्रजी सी असेल तर तो उपकरण तपासण्यासाठी घेतलेला, टी असेल तर अचानक घडलेल्या घटनेसाठीचा.

पहिला प्रकल्प एसएक्सटीवर करा आणि स्रोत टायकोचा अतिनवतारा-अवशेष घ्या. तो दिवसागणिक बदलत नाही आणि त्याच्या वर्णपटात सिलिकॉनची ठळक रेषा १.८५ केईव्हीच्या आसपास येते. आपलं काम बरोबर झालं का, हे तीच सांगते.

संगणकावर लिनक्स हवं. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) चालतं. नासाचं हीसॉफ्ट पॅकेज बसवा. दुसऱ्या पातळीच्या (कच्च्या नोंदींवर प्रक्रिया झालेल्या) फायली उपग्रहाच्या फेरीवार येतात आणि लागोपाठच्या फायलींत तेच फोटॉन पुन्हा असतात. त्या नुसत्या जोडल्या तर काउंट दोनदा धरले जातात. एसएक्सटी गटाच्या संकेतस्थळावर फायली एकत्र करण्याचं साधन मिळतं, तेच वापरा. मग हीसॉफ्टमधल्या एक्स-सिलेक्टमध्ये प्रतिमा उघडून स्रोताभोवती साधारण १५ कला त्रिज्येचं वर्तुळ घ्या. चिपच्या चार कोपऱ्यांत तपासणीसाठी किरणोत्सारी लोह-५५ ठेवलेलं आहे. तिथला प्रकाश आकाशातला नाही, तो वगळा.

नवखे लोक हमखास चुकतात ते पार्श्वभूमीत. इतर दुर्बिणींच्या सवयीने ते त्याच चौकटीत बाजूला दुसरं वर्तुळ काढतात. इथे स्रोताचाच प्रकाश दूरवर सांडलेला असल्यामुळे वजाबाकीत स्रोतच कापला जातो. गटाने रिकाम्या आकाशावरून तयार केलेला पार्श्वभूमी-वर्णपट वापरा. प्रतिसादाची फाइलही (उपकरण कोणत्या ऊर्जेला कशी दाद देतं ते सांगणारी) निवडलेल्या ग्रेडशी, म्हणजे एका किरणाचा संकेत किती पिक्सेलांत पसरला त्या प्रकाराशी, जुळणारीच हवी.

वर्णपटाच्या एका खणात (ऊर्जेच्या एका छोट्या पट्ट्यात) किमान २५ काउंट येतील असे खण करा आणि हीसॉफ्टमधल्याच एक्सस्पेकमध्ये ०.७ ते ७ केईव्ही एवढाच पट्टा घ्या. पहिल्याच फेरीत प्लाझ्माच्या अवघड प्रतिकृतींच्या (मॉडेलांच्या) वाटेला जाऊ नका. ब्रेमस्ट्राहलुंग (तप्त वायूतल्या इलेक्ट्रॉनांचा सलग वर्णपट) आणि त्यावर दोन-तीन गॉसियन रेषा पुरतात. सिलिकॉनची रेषा २०-३० इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकलेली दिसली तर नवा शोध समजू नका, तो गेनचा, म्हणजे संकेतावरून ऊर्जा काढायच्या मापाचा फरक आहे: 'गेन फिट' मध्ये उतार १ वर बांधून फक्त सरक मोकळी सोडा. त्रुटींमध्ये २ ते ३ टक्के पद्धतशीर त्रुटीही मिळवा. ती विसरलात तर अगदी तेजस्वी स्रोताला कुठलीच प्रतिकृती बसणार नाही.