ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाईक ऑर्डर देतं आणि मग रद्द करतं. अशा वेळी विकणाऱ्याने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात चौघांनी ऑर्डर रद्द केली आणि चौथ्याला तुम्ही 'आता जमणार नाही' असं कळवून पार्सल धाडून दिलंत. मीही हे केलेलं आहे, म्हणून पुढचं सांगतो.

मी वापरलेल्या कॅमेरा लेन्स विकतो, बहुतेक ईबेवर. सुरुवातीला एकाने लेन्स घेतली, पैसे भरले आणि रात्री निरोप टाकला, 'चुकून दाबलं गेलं, रद्द करा.' पार्सल बांधून तयार, त्यामुळे माझं डोकं फिरलं. पाठवूनच दिलं. त्याने ते घेतलंच नाही. हिंडून फिरून परत आलं, जाण्यायेण्याचा खर्च माझ्या बोकांडी, पैसेही परत करावे लागले आणि मागच्या झाकणाचा टवका उडाला तो वेगळाच. तेव्हापासून पार्सल हातातून सुटायच्या आत कोणी नको म्हणालं की मी हुज्जत घालत नाही, रद्द करून मोकळा होतो.

मात्र रद्द करताना साईट कारण विचारते, तिथे डोळे उघडे ठेवा. ईबेवर 'खरेदीदाराने रद्द करायला सांगितलं' हे निवडलं तर तुमच्या खात्याला काही होत नाही. घाईत 'माल शिल्लक नाही' दाबलंत, तर ती विक्रेत्याची चूक धरतात, आणि अशा चुका साठल्या की तुमचा दर्जा खाली येतो. मी एकदा संकोचापोटी, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून, दुसरं कारण टाकलं होतं. असला भिडस्तपणा करू नका. तिथे खरेदीदाराला ऑर्डर दिल्यापासून १ तासात थेट रद्द करण्याची विनंती करता येते आणि विक्रेत्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात. तासानंतर तो फक्त निरोप पाठवून विचारू शकतो, मानायचं की नाही ते तुमच्यावर. फोनवर किंवा दुसऱ्या ॲपवर कोणी सांगितलं, तर 'हेच साईटवर लिहा' म्हणा. उद्या वाद झाला तर तेवढंच ग्राह्य धरतात.

'खरेदी करा' दाबून पैसेच न भरणारे, ही वेगळी जमात. त्यांच्यासाठी ईबेवर ४ दिवस थांबून, पैसे आले नाहीत या कारणाने ऑर्डर रद्द करता येते. ते त्यांच्या खात्यावर नोंदलं जातं. ठरलेल्या किमतीच्या वस्तूला लगेच पैसे भरण्याची अट लावली की हा प्रकार जवळजवळ संपतो. वाईट अभिप्राय देऊन उट्टं काढू म्हणाल, तर विक्रेत्याला ती सोय २००८ पासून नाही. नको असलेलं नाव ब्लॉक यादीत टाकता येतं, ते मी निःसंकोच करतो.

युरोपीय संघात विकत असाल तर हुज्जतीला जागाच नाही. व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू हातात पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करायचा हक्क गिऱ्हाइकाला कायद्यानेच आहे. खास त्याच्या मापाने किंवा नावाने बनवून दिलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. तसं काही बनवत असाल, तर काम सुरू करण्याआधी 'यानंतर रद्द होणार नाही' हे लेखी घ्या.

एका गोष्टीला मात्र मी खरोखर घाबरतो. 'रद्द करा, पण पैसे या दुसऱ्या खात्यावर पाठवा' असं कोणी म्हणालं, तर थांबा. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने, साईटच्या बटणानेच परत करायचे. नाहीतर तुम्ही बाहेरून पैसे पाठवता आणि तो कार्ड कंपनीकडे तक्रार करून मूळ रक्कमही उचलतो.

आणि चौघांची कारणं एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. माझ्याकडे बरेच जण घेतल्यावर काचेवरच्या ओरखड्यांबद्दल विचारायचे आणि मग रद्द करायचे. ओरखड्याचा फोटो मी पहिला लावला. विक्री किंचित मंदावली, पण रद्द करणारेही कमी झाले.

तुमचं चौथं पार्सल अजून वाटेत असेल तर आजच कुरियरला फोन करून परत बोलवा. बऱ्याच कंपन्या पोचण्याआधी अडवून देतात. पैसे लागतील, पण पार्सल नाकारून परत येण्यापेक्षा कदाचित कमी.