डॉक्टर पोराला नगरसेवक व्हायचंय, काय करू?

धुळे जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सरकारी कॉलेजातून एमबीबीएस, सध्या इंटर्नशिप चालूय, आणि घरी सांगून मोकळा झाला की पीजीची 'नीट' प्रवेश परीक्षा देणार नाही, नगरपालिकेला उभा राहतो, हिना गावित पण डॉक्टरच होत्या ना. वडील विचारतात, याला कसं समजवू?

नमस्कार भाऊ,

आधी त्याचं उदाहरणच बघू. हिनाताई 2014 ला नंदुरबारमधून खासदार झाल्या तेव्हा सत्तावीसच्याही नव्हत्या, माणिकराव गावितांसारख्या नऊ वेळा निवडून आलेल्या माणसाला पाडलं, हे खरंच मोठं होतं. पण वडील विजयकुमार गावित, ते पण डॉक्टर, त्याआधीच मंत्री राहिलेले. आणि 2024 ला त्याच हिनाताई पडल्या. तुमच्या घरी असं काही पाठबळ असेल तर सांगा, पत्रात तरी दिसलं नाही.

त्यापेक्षा आपल्या धुळ्याचंच घ्या ना. डॉ. सुभाष भामरे कॅन्सरचे सर्जन, आई गोजरताई साक्रीच्या आमदार होत्या, म्हणजे राजकारण घरातलंच, तरी ते खासदार झाले 2014 ला, साठीला आल्यावर. 2016 ला संरक्षण राज्यमंत्री. तोपर्यंत किती घरांत "भामरे डॉक्टरांनी ऑपरेशन केलं" असं बोललं गेलं असेल, ती ओळख बॅनर लावून होत नाही हो. आणि एवढं असूनही 2024 ला सहापैकी पाच विधानसभांत पुढे राहून एकट्या मालेगाव मध्यने गणित फिरवलं, 3,831 मतांनी गेले. जिंकल्या त्या शोभा बच्छाव, त्यांच्याही नावापुढे डॉक्टर. म्हणजे डिग्रीने मतं मिळतात हे डोक्यातून काढा, दोन्हीकडे डॉक्टर असले की पेशंट काय करणार?

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर तालुक्याला नगरसेवक झाले. एकदा मी त्यांच्या केबिनमध्ये बसलो होतो, म्हातारीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधलेला, हवा भरतायत, आणि ती सांगतेय की गल्लीत चार दिवस नळ नाही. बीपी वाढलेलंच आलं. नंतर मला म्हणाले, विरोधी पार्टीवाले आता माझ्याकडे औषधाला येत नाहीत, शेजारच्या दवाखान्यात जातात. हे कोणी आधी सांगत नाही.

आता नियमाचं. नगरसेवकाला 21 पूर्ण लागतात, आमदारकीला 25, म्हणजे नगरसेवकाच्या वयात तो बसतो. पण सरकारी कॉलेजचा आहे तर इंटर्नशिपनंतर वर्षभराचा बॉंड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा असेल, आणि सरकारी नोकरीत राहून पार्टीचं काम करता येत नाही, निवडणूक तर सोडाच. आणि उद्या आमदारकी म्हणाला तर तिथे खर्चाची कायदेशीर मर्यादाच 40 लाख आहे, नवीन डॉक्टरच्या पगारात किती वर्षं लागतील ते त्यालाच मांडायला लावा.

माझं मत विचाराल तर त्याला अडवू नका, फक्त क्रम बदलायला सांगा. बॉंड एखाद्या ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊ दे, तिथे सरपंच, आशाताई, औषधाचा तुटवडा, रात्रीची डिलिव्हरी सगळं एका वर्षात कळतं. पीजीचा अभ्यास एकदा सुटला की परत बसणं फार जड जातं, म्हणून पहिला प्रयत्न देऊनच टाकू दे. आणि बॉंड संपेपर्यंत कुठल्याही पार्टीच्या बॅनरवर फोटो नको, वाढदिवसाच्या पण नाही.

पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा, आणि कुठल्या वॉर्डातून उभं राहायचंय, तिथली किती घरं त्याला नावाने ओळखतात, ते त्यात असू दे.